ताटाशेजारचा बेल

हौसाआत्या गेल्याचं मला आमच्या गावच्या गवळ्यानं सांगितलं. तो रोज सकाळच्या गाडीनं पुण्यात दूध घालायला येतो. माप पातेल्यात रिकामं करता करता म्हणाला, “मास्तर, तुमची आत्या गेली की परवा.” परवा गेली, आणि मला आज कळतंय, तेही दुधाबरोबर! “मला कुणी कळवलं का नाही रे?” मी विचारलं. त्यानं मापाच्या काठाला लागलेला थेंब बोटानं पुसला आणि खाली बघत म्हणाला, “तात्या म्हनले, मास्तरची शाळा बुडंल, उगं कशाला…” तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते, आत्याचे थोरले भाऊ. माझ्या शाळेची त्यांना इतकी काळजी आधी कधी वाटल्याचं मला आठवत नाही. आत्याच्या सरणापाशी मी काही बोलेन, याची काळजी मात्र असावी. मी दूध आत ठेवलं, शेजारच्या मुलाबरोबर रजेचा निरोप धाडला आणि स्टेशनची वाट धरली.

याला आता महिना होऊन गेला. गावात आत्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, ती त्या नादान फाटकवाल्याची बायको. दुसरी, भावानं तिला मरेपर्यंत सांभाळलं, पोटाला कमी पडू दिलं नाही. पहिलीतलं ‘नादान’ खोटं आहे. दुसरी ऐकली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून हे लिहायला बसलो. आत्याला भावाकडून भाकरी नको होती. तिला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, तेही खंडोबाच्या देवळात, चार माणसांसमोर. त्या एका वाक्यासाठी ती त्याच्या घरात राहिली आणि तिथंच मेली.

तिचे यजमान गेनूमामा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मूळचे जुन्नरकडच्या डोंगरातले, रेल्वेत फाटकवाले. नशिबानं नेमणूक मिळाली ती रावेतच्या अलीकडे, आत्याच्या माहेरच्याच शिवारात. आमचं गाव रुळांच्या एका अंगाला आणि निम्मी शेतं दुसऱ्या अंगाला, त्यामुळे गावातल्या प्रत्येक माणसाचं आणि बैलाचं दिवसातून दोनदा तरी आत्याशी काम पडायचं. आत्याशी म्हणायचं, कारण फाटक चालवायची तीच. मामा जेवायला, पाण्याला, रानात गेले की किल्ली तिच्या कमरेला. वरचा साहेब ट्रॉलीवरून येताना दिसला की ही झटकन आत, मामा झटकन बाहेर, हातात झेंडा! सगळ्या लाइनीवर फाटकवाल्यांच्या बायका असंच करत आणि साहेबांनाही ते ठाऊक असे. आत्याची जीभ मोठी तिखट. गाडी यायच्या वेळी कुणी घाई केली की म्हणायची, “जा की मग रुळावरनं, तुझ्या बायकूला म्या सांगते कुंकू पुसायला.” माणसं हसायची आणि थांबायची. मी सुट्टीत गेलो की मलाही तसंच थांबवायची आणि वर म्हणायची, “मास्तर झालास तरी इंजिनाला त्याचं काय?”

तात्यांच्या शेवंताचं लग्न ठरलं ते पिंपरीच्या माळावर कारखान्याची आखणी चालू होती त्या सुमारास. मुलगा कुरुळीचा, घर खातंपितं. लग्न नवऱ्यामुलाच्या दारी, गोरजावर. वऱ्हाडाच्या गाड्या भर दुपारी गावातून निघायच्या होत्या. मामांना रजा मिळाली नाही, म्हणून आत्यानं ठरवलं होतं की भाचीची ओटी फाटकातच, चालत्या गाडीबरोबर चालत भरायची. खण, नारळ, तांदूळ घेऊन ती सकाळपासून झोपडीच्या दारात बसली होती म्हणतात. माझ्या शाळेत वार्षिक परीक्षा चालू होती, मी काही गेलो नव्हतो. संध्याकाळी पुण्यात बातमी आली की पॅसेंजर आमच्या फाटकात एका बैलगाडीला धडकून रुळावरून उतरली, पुढचा डबा भरावाखाली गेला, माणसं मेली. बैलगाडी वऱ्हाडातली दुसरी. तिच्यात भावकीतल्या बायका आणि लेकरं होती… एकही वाचलं नाही. फाटकवाला जेवायला बसला होता, फाटक उघडंच राहिलं, असं त्याच बातमीत होतं. इतक्या लवकर हे कुणी सांगितलं, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

मी पोचलो तेव्हा प्रेतं हलवली होती आणि डबा तसाच आडवा पडला होता. त्याच्या खिडकीत कुणाची तरी गाठोडी अडकून राहिली होती. गावात चूल पेटलेली नव्हती. आणि लग्न? लग्न लागलं होतं! नवरीची गाडी पुढं होती, ती रूळ ओलांडून गेली होती. तात्यांनी धावत जाऊन गाडीवानाला बजावलं की मागं वळून बघायचं नाही, कुरुळीत कुणाला काही सांगायचं नाही. सूतक ऐकल्यावर लागतं, ऐकलंच नाही तर कसलं सूतक? शास्त्र असं वाकवता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बायकांच्या किंकाळ्या कानांनी ऐकलेली पोर मुंडावळ्या बांधून अंतरपाटामागं उभी राहिली आणि मुहूर्त चुकला नाही. तात्या ते कौतुकानं सांगायचे.

चौकशी बसली ती सूतक फिटल्यावर, गावच्या शाळेत. रेल्वेचे साहेब, त्यांचा कारकून, एक फौजदार. आत्याला सोबत म्हणून मी मागच्या बाकावर होतो. एकेक माणूस आत यायचा आणि तेच वाक्य बोलायचा, “फाटक उघडंच हुतं साहेब. गेनू जेवत हुता.” दुसरा आला, “फाटक उघडंच हुतं साहेब. गेनू जेवत हुता.” पोरं पाढे म्हणतात तसं, एका चालीत. ज्याची बायको आणि दोन लेकरं त्या गाडीत गेली होती तोही आला, कोरड्या आवाजात तेच बोलला आणि उन्हात जाऊन बसला. साहेब खूष. कारकुनाला म्हणाले, असं सहकार्य फार कमी गावांत मिळतं. आत्याला विचारलं, तू कुठं होतीस? ती म्हणाली, “चुलीपाशी.” तिचा आवाज मी ओळखला नाही. मग मामा. फाटक तू उघडं ठेवलंस? “व्हय साहेब.” का? “इसरलो.” साहेबांना एक शंका मात्र आली, विसरला होतास तर मग लाल झेंडा घेऊन गाडीच्या अंगावर धावलास कसा? ते तर ड्रायव्हरनंच सांगितलंय. मामांनी तात्यांकडं बघितलं. तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. “जेवताना ध्यानात आलं,” मामा म्हणाले. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि घड्याळ पाहिलं. दुपारी त्यांना तात्यांच्या घरून कोंबडीचं जेवण होतं. त्या कोंबडीचा मसाला आत्यानं वाटला होता. वाढायला तिला पुढं येऊ दिलं नाही.

मामांची नोकरी गेली, मग कोर्ट झालं. तिथंही त्यांनी वकिलाला तोंड उघडू दिलं नाही. सक्तमजुरी लागली. शिक्षेच्या दुसऱ्या पावसाळ्यात हगवणीनं ते तुरुंगातच गेले. निरोप घेऊन आलेला पोलीस फाटकातल्या नव्या माणसाला विचारत विचारत आत्याच्या खोपटापर्यंत आला. तोवर रेल्वेनं तिला झोपडीतून काढलं होतं आणि ती ओढ्याकाठी कुडाच्या खोपटात राहत होती, मोलमजुरी करत. चौकशीच्या त्या दिवसानंतर तात्यांच्या दारात तिनं पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटायचं, नवऱ्यानं माहेरचीच माणसं मारली म्हणून लाज वाटत असेल.

मामांच्या दिवसांना शेवंता कुरुळीहून आली. तिच्या कडेवर मूल होतं. ओढ्यावर धुण्याला गेली ती मला हाक मारून घेऊन गेली आणि दगडावर बसून एका दमात सांगून मोकळी झाली. फाटक बंद होतं. आत्यानं कुलूप घातलं होतं आणि ती ओटीचं ताट घेऊन उभी होती. गाड्या येऊन थांबल्या तसे तात्या उतरले. नवरीची गाडी एकदा वेशीबाहेर पडली की वाटेत उभी करायची नाही, अशी आमच्या भावकीत रीत आहे. उभी केली तर पोर माघारी येते म्हणतात. तात्या म्हणाले, “हौसे, उघड. पोरीची गाडी फाटकात हुबी करतीस व्हय?” ती म्हणाली, “गाडी येनार हाय दादा, जरा दम धर.” “कुठाय गाडी? रूळ तरी वाजतोय का?” ती किल्ली देईना. “म्या न्हाई उघडायची दादा. ह्येंची नोकरी हाय.” तेव्हा तात्यांनी तिच्या कमरेची किल्ली ओढून घेतली, तिच्या हातातलं ताट पडलं, तांदूळ सांडले. मामा आतून उष्ट्या हातानं ओरडत आले, “उघडू नगा तात्या!” तोवर तात्यांनी स्वतःच्या हातानं फाटक उघडलं होतं. शेवंताची गाडी पार झाली. दुसऱ्या गाडीचा बैल रुळात बुजला. “आन मास्तरदादा,” शेवंता म्हणाली, “मामा त्याच उष्ट्या हातात झेंडा घिऊन पळालं. म्या बघितलं. म्या बेल उचलला न्हाई, म्हून सांगते.”

बेल उचलणं म्हणजे काय ते आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. खंडोबासमोर बेलाचं पान आणि चिमूटभर हळद, म्हणजे भंडारा, हातात घेऊन बोललेला शब्द मोडायचा नसतो. कोर्टातली शपथ आमची माणसं सहज मोडतात. ही मोडली तर घरात दिवा राहत नाही, असं ती मानतात. चौकशीच्या आदल्या दिवशी, हेही शेवंतानंच सांगितलं, तात्यांनी सगळ्या गावाला देवळात नेऊन बेलभंडार उचलायला लावला होता. गावानं उचलला, का? शेवंता नांदत्या घरातून परत येऊ नये म्हणून, गावचं नाव जाऊ नये म्हणून, आणि मामा परके होते म्हणून. जावई कितीही वर्षं शिवारात राहिला तरी परकाच. ज्यांच्या घरची माणसं मेली त्यांनीही उचलला. शेवटी तात्यांनी बेल आत्याच्या हातात ठेवला. ती उचलेना. तेव्हा मामाच म्हणाले, “उचल हौसा. पोरीचं घर ऱ्हाऊ दे.” भोळा माणूस! पोरीचं घर राहिलं. ते त्यांना फार महाग पडलं.

मी तडक आत्याच्या खोपटात गेलो. शेवंता सांगते ते खरं का, विचारलं. ती चुलीत फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, “म्या बेल उचललाय, म्या काय बोलायची न्हाई. पर दादानंबी भंडारा उचलून मला सबूद दिलाय. चौकशी मिटली की भर देवळात बोलीन म्हनला हुता, दाजीला सोडवून आनीन म्हनला हुता. बोलंल की. त्येला बी देव हाय.” मी पुण्याला येऊन अर्ज खरडले, एका वकिलाकडं गेलो. आरोपीनं स्वतः कबुली दिली, साक्षीदार एकमुखी, आणि आता आरोपीही हयात नाही, तुम्हांला नक्की काय हवंय? असं त्यानं मला सौजन्यानं विचारलं. शेवंता साक्षीला तयार होती, तर तिच्या सासऱ्यानं तिचं माहेरी येणंच बंद केलं. तात्यांना मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, “शिकलास म्हून चुलत्याला फासावर देतोस काय?” आणि जेवायचा आग्रह केला.

यानंतर थोड्याच दिवसांत आत्या उठली आणि आपलं गाठोडं घेऊन तात्यांच्या घरी राहायला गेली. गावाला बरं वाटलं. शेवटी रक्ताचं नातं, असं म्हणाले. पहिल्याच दिवशी तिनं सुनेच्या हातातून ताट घेतलं आणि तात्यांना स्वतः वाढलं. भाकरी, कालवण, कांदा, आणि ताटाच्या उजव्या अंगाला एक बेलाचं पान, त्याच्यावर चिमूटभर भंडारा. “हे काय?” तात्यांनी विचारलं. “देवाचा परसाद हाय दादा. जेव.” समोर पदर सावरून बसली. तात्यांचा घास हातातच राहिला. रात्री पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तात्यांनी एकदा ताट अंगणात भिरकावलं, तिनं ते उचललं, घासलं, दुसरं वाढलं, शेजारी बेल ठेवला. रानात जेवू लागले तर ही डोक्यावर पाटी घेऊन रानात. हाकलून द्यावं तर लोक विचारणार, विधवा बहिणीला का काढलं? आणि तिनं काय सांगितलं असतं, याचा नेम नाही. ती बोलत काहीच नव्हती. शपथ पाळत होती.

आत्या देवमाणूस होती असं मी म्हणणार नाही. त्या पहिल्या वर्षात तात्या वाळून काठी झाले. वैद्य आला, त्यानं नाडी धरून पित्त सांगितलं, तेव्हा आत्या माजघरात तोंडाला पदर लावून हसली. मी पाहिलं. मला ते हसू आवडलं नव्हतं आणि मनातून आवडलंही होतं. तात्यांची सून, रखमावहिनी, एकदा रडकुंडीला येऊन तिला म्हणाली, “आत्याबाई, माफ करा की त्यास्नी. म्हातारं मरंल अशानं.” आत्या म्हणाली, “मरू कशापायी दीन? बोलल्याबिगर म्या त्येला मरू द्यायची न्हाई.” आणि खरंच, तात्या आजारी पडले की त्यांना भरवायला, शेकायला तीच पुढं. पथ्याची पेज केली तरी वाटीशेजारी बेल. श्रावण असो, शिमगा असो. पुरणपोळीच्या दिवशी सगळ्यांच्या पानात गोड आणि तात्यांच्या पानाशेजारी ते हिरवं पान, इतकी वर्षं.

माझी तिची शेवटची भेट दिवाळीत झाली. ती थकली होती, पण बेलाच्या झाडापर्यंत काठी टेकत स्वतः जायची. मला अंगणात बसवून तिनं हळू आवाजात सांगितलं, “मास्तर, औंदा बोलंल बघ. आता जेवायच्या आधी थांबतो, बेलाकडं बघतो. कवा कवा उचलून हातात बी घेतो. पयलं तोंड फिरवायचा.” तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. “म्या त्येला एकदा म्हनले, दादा, बोल की. तर म्हनला, बोलू, बोलू.” मीही विश्वास ठेवला. म्हाताऱ्याच्या मनाला पाझर फुटतोय असं वाटलं. निघताना तिनं फाटकापर्यंत येते म्हणून हट्ट धरला आणि अर्ध्या वाटेत दमून बसली. गाडी जायचा आवाज आला तशी बसल्या जागी ताठ झाली, ती गाडी पार होईतो.

तेराव्याला मी पुन्हा गावी गेलो. रखमावहिनीनं दारातच सांगितलं, “भावजी, मामंजींनी लई मनाला लावून घेतलंया. दहा दिवस घास उतरला न्हाई त्यांच्या गळ्याखाली. तोंडाला चवच न्हाई म्हनत्यात.” मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. आत्या जिंकली असं वाटलं. आज गोडाच्या जेवणाला सगळी भावकी जमणार, देवळात बेल उचललेले सगळे हात एका पंगतीला बसणार, आज हा माणूस बोलणार… मी मुद्दाम त्यांच्या समोरचं पान धरलं. पुरणपोळ्या वाढल्या गेल्या. तात्या पानावर बसले, हात पुढं केला आणि थांबले. पानाच्या उजव्या अंगाला बघत राहिले.

“बेल कुठाय?” तात्या म्हणाले.

वहिनी गोंधळली. सुतकात देवपूजा बंद होती, म्हणून इतके दिवस बेलही आणला नव्हता. “आत्याबाई गेल्या, आता कशाला मामंजी…” ती पुटपुटली. “आन,” तात्या म्हणाले. तिनं देव्हाऱ्यातून पान आणलं, त्यावर भंडारा टाकला, जागच्या जागी ठेवलं. तात्यांनी ते उचललं. त्यांनी भंडारा कपाळाला लावला, पानाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

“ह्यानं अन्न पचतंय,” ते पंगतीला म्हणाले. “पोट हलकं ऱ्हातंय. हौसीला ठावं हुतं. येक दिस चुकली न्हाई बिचारी… लई जीव हुता तिचा माज्यावर.”

पंगतीतल्या माना हलल्या. “व्हय तात्या, व्हय, तशी भन मिळायची न्हाई,” कुणीतरी म्हणालं. तात्यांनी पोळीवर तूप मागितलं. एक संपवली, मग आणखी एक मागितली.